टी-३ च्या अंगात टी-०४ चे फुफ्फुस : मस्टँग एसव्हीओसाठी हायब्रिड टर्बो कसा जुळवतात

'हायब्रिड' म्हटले की हल्ली बॅटरीवर चालणारी गाडी डोळ्यांसमोर येते. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र : एका टोकाला एक्झॉस्टच्या जोराने फिरणारे टर्बाइन, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा कॉम्प्रेसर. टर्बोच्या बाबतीत 'हायब्रिड' या शब्दाचा अर्थ जुना आणि सरळ आहे : एका टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू आणि दुसऱ्या, मोठ्या टर्बोची हवेकडची बाजू एकाच शाफ्टवर बसवायची. गॅरेट कंपनीच्या टी-३ आणि टी-०४ या दोन घराण्यांची अशी जोड अमेरिकेत गेली कित्येक वर्षे होत आली आहे. तिला सगळे 'टी-३/टी-४' म्हणतात. ती कशी जुळते, कुठे फसते आणि का फसते, हे एका ठरावीक गाडीवर समजून घेणे सोपे जाते. त्यासाठी फोर्डची मस्टँग एसव्हीओ घेऊ.

ही गाडी फोर्डने १९८४ ते १९८६ अशी तीनच वर्षे बनवली. मस्टँगमध्ये लोकांना व्ही-८ इंजिनाची सवय होती. एसव्हीओमध्ये मात्र २.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यावर टी-३ टर्बो आणि बॉनेटवरच्या फुगवट्याखाली दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर होता. १९८४ मध्ये ताकद १७५ हॉर्सपॉवर होती, १९८५ च्या मध्यावर ती २०५ झाली आणि १९८६ मध्ये २००. आतले पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे घडीव, आणि कॉम्प्रेशन ८ ला १, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) सोसायची तयारी कारखान्यातूनच होती. थंडरबर्ड टर्बो कूप आणि मर्कूर एक्सआर४टीआय या गाड्यांत याच इंजिनाची भावंडे आहेत, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात.

आधी हवा मोजा, मग भाग शोधा

बहुतेक चुका इथेच होतात. कोणीतरी कॉम्प्रेसर स्वस्तात देतो, तो घरी येतो आणि मग इंजिनाला त्याच्या मापात बसवायची धडपड सुरू होते. क्रम उलटा हवा. किती ताकद हवी, त्यासाठी मिनिटाला किती किलो हवा लागेल आणि तेवढी हवा कोणता कॉम्प्रेसर फार न तापवता देईल, या क्रमाने विचार करा.

हिशेब अवघड नाही. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरते. २.३ लिटरचे इंजिन ५,५०० फेऱ्यांवर मिनिटाला २.३ भागिले २ गुणिले ५,५००, म्हणजे सुमारे ६,३०० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. या जुन्या दोन व्हॉल्व्हच्या हेडसाठी ८५ टक्के धरा, म्हणजे ५,४०० लिटरच्या आत. आता बूस्ट १.२ बार, म्हणजे वातावरणासह मॅनिफोल्डमधला एकूण दाब साधारण २.२५ बार, आणि इंटरकूलरनंतरची हवा ५० अंश सेल्सिअस. या हवेची घनता घनमीटरला सुमारे २.४ किलो येते. गुणाकार केला की मिनिटाला जवळपास १३ किलो हवा. पेट्रोल इंजिनाला बूस्टमध्ये मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने २२ हॉर्सपॉवर मिळतात. म्हणजे २८० च्या आसपास. रस्त्यावर चालवायच्या एसव्हीओसाठी हे समजूतदार लक्ष्य आहे.

कॉम्प्रेसरला मात्र यापेक्षा जास्त राबावे लागते. एअर फिल्टर आणि पाइपमध्ये थोडा दाब आधीच जातो, इंटरकूलरमध्ये आणखी ०.१ बार जातो. म्हणून मॅनिफोल्डला २.२५ बार द्यायचे तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आणि बाहेर यांतले गुणोत्तर २.४ पर्यंत जाते. कॉम्प्रेसरच्या मॅपवर (आडवी हवा आणि उभे दाबाचे गुणोत्तर असा कार्यक्षमतेचा आलेख) बिंदू टाकताना हाच आकडा घ्यायचा, बूस्ट गेजवरचा नाही.

आता जुना टी-३. त्यातले कॉम्प्रेसरचे चाक ६०.१ मिलिमीटर व्यासाचे, हवा आत घेणारे तोंड ४६.५ मिलिमीटर. मिनिटाला १३ किलोवर हे चाक दमते. हवा येत नाही असे नाही, पण ती तापून येते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली असेल तर ३० अंशांची हवा २.४ पट दाबल्यावर बाहेर पडताना सुमारे १७४ अंशांची असते. तीच हवा ७४ टक्के कार्यक्षमतेच्या चाकाने दाबली तर १४६ अंशांची. हे २८ अंश इंटरकूलरच्या डोक्यावर बसतात, आणि तो कमी पडला की नॉकिंगच्या, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण अवेळी भडकण्याच्या, रूपाने पिस्टनच्या डोक्यावर. मोठा कॉम्प्रेसर घ्यायचे खरे कारण हे आहे. जास्त बूस्टसाठी नाही, त्याच बूस्टला गार हवा मिळावी म्हणून.

ट्रिमच्या आकड्याचा घोळ

टी-०४ई घराण्यातला '५० ट्रिम' हा कॉम्प्रेसर या कामाला बरोबर बसतो. इथे नवखे गोंधळतात : जुना टी-३ '६० ट्रिम' आणि नवा '५० ट्रिम', मग नवा लहान नाही का? नाही. ट्रिम म्हणजे चाकाच्या दोन व्यासांचे नाते. लहान व्यास भागिले मोठा व्यास, त्याचा वर्ग, गुणिले शंभर. टी-३ चे ४६.५ भागिले ६०.१ करा, वर्ग घ्या, ६० येते. टी-०४ई चे ५३.९ भागिले ७६.२ करा, ५० येते. म्हणजे ट्रिम हा आकार आहे, माप नाही. माप पाहायचे तर हवा घेणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ पाहा : ५३.९ चे तोंड ४६.५ च्या तोंडापेक्षा ३४ टक्के मोठे आहे. ट्रिमची तुलना एकाच व्यासाच्या चाकांत करायची. टी-०४ई मध्ये ५०, ५७, ६० अशी चढती भाजणी आहे आणि तिथे ६० खरोखर ५० पेक्षा जास्त हवा देतो.

मग ६० च का नको? दोन कारणे आहेत. एक, सर्ज. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना हवा कमी घेते, पण मोठे चाक दाब तयार करून बसते. पुढे जायला जागा नसली की हवा चाकावरून उलटी फिरते, पुन्हा पुढे येते, पुन्हा उलटते. गाडीत तो फडफड आवाज ऐकू येतो आणि प्रत्येक फडफडीला शाफ्ट धरून ठेवणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर मार बसतो. आपले इंजिन ३,००० फेऱ्यांवर १ बार बूस्टला मिनिटाला जेमतेम ६ किलो हवा घेते. ५० ट्रिम तिथे काठावर पण सुरक्षित राहतो. ६० ट्रिमची सर्जरेषा मॅपवर आणखी उजवीकडे आहे, तो तिथे फडफडतो.

दुसरे कारण एक्झॉस्टकडचे. टी-३ चे साधे टर्बाइन चाक ५८.९ मिलिमीटरचे आहे. त्याच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला ७६.२ चे चाक म्हणजे गुणोत्तर १.२९. व्यवहारात १.२५ ते १.३ च्या पुढे गेले की लहान टर्बाइनला मोठा कॉम्प्रेसर ओढवत नाही : एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दुप्पट होतो, सिलिंडर रिकामा होत नाही, ताकद वाढायची थांबते. म्हणजे आपली जोड आधीच सीमेवर आहे. ३०० च्या वर जायचे असेल तर टर्बाइनही मोठे घ्यावे लागते. बाजारात ते 'स्टेज ३' नावाने मिळते आणि त्यासाठी टर्बाइन हाउसिंग आतून लेथवर मोठे करून घ्यावे लागते. जुन्या टर्बाइनच्या पात्यांची टोके १० अंशांनी कापायची, म्हणजे क्लिप करायची, अशी स्वस्त युक्तीही चालते. तिने वाट मोकळी होते, पण पाते आखूड झाल्याने टर्बो उशिरा जागा होतो. २८० च्या गाडीला तिची गरज नाही.

मोठ्या चाकाने लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर, किती वाढतो, यावर बरेच घाबरवले जाते. एकाच आकाराच्या चाकाचे फिरण्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ७६.२ भागिले ६०.१ चा पाचवा घात सव्वातीन. ऐकायला भयंकर वाटते. पण कॉम्प्रेसरचे चाक ॲल्युमिनियमचे आहे आणि टर्बाइनचे निकेल मिश्रधातूचे, जवळपास तिप्पट जड. शाफ्टवरचा खरा बोजा टर्बाइन आहे, आणि तो आपण बदललेला नाही. शिवाय मोठ्या चाकाला तेवढाच दाब कमी फेऱ्यांत मिळतो. चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर लागतो असे धरले, तर लहान चाकाला मिनिटाला १ लाख २७ हजार फेऱ्या घ्याव्या लागतात, मोठ्याला १ लाख. म्हणून बूस्ट चारपाचशे फेऱ्या उशिरा येतो, हजार-दीड हजार नाही.

एक्झॉस्टकडची निवड

टर्बाइन हाउसिंगवर ए/आर नावाचा आकडा ओतलेला असतो : ०.४८, ०.६३ किंवा ०.८२. हाउसिंगच्या गोगलगायीसारख्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले ती वाट केंद्रापासून किती दूर आहे ते अंतर. आकडा लहान म्हणजे वाट अरुंद, वायू वेगाने येतो, टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांना गळा आवळला जातो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते पण बादली भरायला वेळ लागतो, तसेच. २.३ लिटरला ०.४८ वर पाच हजारांच्या आधीच गळा आवळला जाईल, ०.८२ वर शहरात टर्बो झोपलेला राहील. ०.६३ घ्या. फोर्डच्या टी-३ हाउसिंगचे बाहेरचे तोंड पाच बोल्टचे असते. ते तसेच ठेवले तर एल्बो आणि डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्ट पाइप) जुळवताना डोकेदुखी होत नाही. डाउनपाइप मात्र ७६ मिलिमीटरचा करा, टर्बाइननंतरचा प्रत्येक अडथळा टर्बोला उशीर करतो.

दोन टर्बोंचे लग्न कुठे लागते

टी-३ आणि टी-०४ जुळतात याचे कारण मधला भाग, म्हणजे बेअरिंग असलेले सेंटर हाउसिंग. दोन्ही घराण्यांची बेअरिंगची मांडणी इतकी जवळची आहे की दुरुस्ती किट एकच चालते. त्यामुळे टर्बाइन हाउसिंग, टर्बाइनचा शाफ्ट आणि सेंटर हाउसिंग टी-३ चे ठेवायचे. कॉम्प्रेसरचे चाक, त्याचे कव्हर आणि त्या दोघांच्या मागची बॅकप्लेट टी-०४ई ची घ्यायची. बॅकप्लेट विसरू नका. मोठे चाक आणि कव्हर आणले आणि बॅकप्लेट टी-३ ची राहिली, तर कव्हर बसतच नाही.

दुसरी वाटही आहे : टी-३ चे मूळ कव्हर लेथवर कोरून त्यात जरा मोठे चाक बसवणे. बाहेरून काही बदललेले दिसत नाही, पाइप तसेच जुळतात. पण चाकाच्या कडेतून सुटलेली वेगवान हवा दाबात बदलायला चाकाभोवती सपाट कडे लागते, त्याला डिफ्यूजर म्हणतात. लहान कव्हरात मोठे चाक कोंबले की हे कडे अरुंद होते आणि हवेचा वेग दाबात न बदलता उष्णतेत बदलतो. थोडी वाढ हवी असेल तर ठीक. २८० साठी पूर्ण टी-०४ई कव्हरच हवे. ०.५० ए/आर चे कव्हर साधारणपणे ७६ मिलिमीटर तोंडाचे आणि ५१ मिलिमीटर बाहेरच्या नळीचे येते. जुने रबरी होज बसणार नाहीत, सिलिकॉनचे रिड्यूसर आधीच आणून ठेवा.

थ्रस्ट बेअरिंगकडे वेगळे लक्ष द्या. शाफ्टला लांबीच्या दिशेने धरून ठेवायचे काम त्याचे. जुन्या टी-३ मध्ये ते नालाच्या आकाराचे, २७० अंशांचे असते. मोठा कॉम्प्रेसर शाफ्टला जास्त जोराने स्वतःकडे ओढतो, म्हणून पूर्ण गोल, ३६० अंशांचे बेअरिंग आणि त्याचा कॉलर घाला. किटमध्ये काही शे रुपयांचाच फरक पडतो. तो वाचवून जोडलेला टर्बो पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा उघडावा लागतो.

जोडणी

जुना टर्बो उघडताना टर्बाइन हाउसिंगचे बोल्ट हमखास अडकलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी हाउसिंग गरम करा, बोल्ट नव्हे. ओतीव लोखंड फुगते आणि बोल्ट सुटतो. सेंटर हाउसिंगवर थेट हातोडी मारू नका. शाफ्ट एक केस वाकला तरी तो कचऱ्यात.

कॉम्प्रेसरचा नट सोडण्याआधी शाफ्टचे टोक, नट आणि चाक यांवर एका रेषेत बारीक खूण करा. नवे चाक बसवताना जुनी खूण चाकापुरती कामाची नाही, पण शाफ्ट आणि नटापुरती आहे. नटाचे आटे उलटे आहेत का, हे जोर लावण्याआधी पाहा. पाना एका बाजूने ओढला की शाफ्टवर वाकवणारा जोर येतो, म्हणून टी-हँडल वापरा.

बेअरिंग, रिंग, कॉलर सगळे इंजिन ऑइलमध्ये बुडवून बसवा. टर्बाइनकडची पिस्टन रिंग ही सर्वांत जास्त मोडणारी वस्तू आहे : तिची फट बाजूला ठेवून, शाफ्ट किंचित तिरका धरून, बोटाच्या नखाने रिंग खोबणीत दाबत आत सरकवा. अडले तर मागे घ्या, दाबू नका. मोडलेल्या रिंगचा तुकडा आत राहिला तर सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि दोष भलत्यालाच दिला जातो.

कॉम्प्रेसरचे चाक शाफ्टवर घट्ट जात असेल तर ते १२० अंशांच्या आसपास गरम करून बसवा, ठोकून नाही. मग नट. आधी हलका, इंच-पाउंडांत १८ ते २०, आणि मग कोनाने साधारण पाव फेरी. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा.

आता प्ले, म्हणजे शाफ्टची मोकळीक, मोजा. चुंबकी स्टँडवर डायल गेज लावून त्याची सुई शाफ्टच्या टोकाला टेकवा आणि शाफ्ट पुढेमागे ढकला. लांबीचा प्ले ०.०२५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत हवा. बाजूचा प्ले ०.०७५ ते ०.१५. बाजूचा प्ले हाताला चांगला जाणवतो आणि लोक घाबरून बेअरिंग बदलतात. तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बुशला तेवढी मोकळीक लागतेच. घाबरायचे ते लांबीच्या प्लेला.

कव्हर लावण्याआधी चाकाच्या पात्यांच्या कडांना मार्करने रंग द्या. कव्हर बसवा, शाफ्ट एका बाजूला ढकलून हाताने फिरवा, मग दुसऱ्या बाजूला, मग पुढे, मग मागे. कव्हर काढून पाहा. एखाद्या पात्याचा रंग खरवडला गेला असेल तर तिथे घासते आहे : कव्हर तिरके बसले आहे किंवा बॅकप्लेटच्या पृष्ठभागावर जुन्या गॅस्केटचा कण आहे. बहुतेक वेळा तो कणच निघतो.

एक काम मात्र घरी होत नाही : बॅलन्सिंग. टर्बाइन-शाफ्ट आणि कॉम्प्रेसरचे चाक वेगवेगळे बॅलन्स केलेले असले, तरी जुळवलेले पूर्ण कार्ट्रिज (सेंटर हाउसिंग आणि त्यातला चाकांसह शाफ्ट) वेगाने फिरवून तपासणाऱ्या यंत्रावर जायलाच हवे. मिनिटाला लाख फेऱ्यांवर चिमूटभर धातूसुद्धा बेअरिंगला हातोडीसारखा वाटतो. दोन ठिकाणचे भाग पहिल्यांदाच एकत्र येत असल्याने हायब्रिडला हे नव्या टर्बोपेक्षा जास्त लागू आहे. हा खर्च टाळायचा विचार असेल तर हे काम हातात घेऊ नये.

तेल जायला वाट

टर्बोत तेल दाबाने येते आणि फेस होऊन केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली जाते. म्हणून रिटर्न लाइन मोठी हवी, आतून किमान १३ मिलिमीटर, शक्यतो १६. वाटेत कुठे खोलगट वळण नको. ती संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. सेंटर हाउसिंग फिरवून कव्हरचे तोंड हवे तिकडे आणताना रिटर्नचे छिद्र उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. नवा टर्बो धूर सोडतो म्हणून परत आणला जातो, तेव्हा बहुतेक वेळा सील बरोबर असतात आणि रिटर्न लाइन चुकलेली असते. टर्बोतले सील म्हणजे पिस्टन रिंग, रबरी नव्हेत. तेल साचले की ते अडवू शकत नाहीत.

बॉल बेअरिंगच्या नव्या टर्बोंना तेलाच्या वाटेवर बारीक छिद्राचा अडथळा लावतात. ते वाचून टी-३ ला तसाच अडथळा लावणारे भेटतात. लावू नका. बुश बेअरिंगला भरपूर तेल लागते, ते अडवले की आधी थ्रस्ट बेअरिंग जाते. सेंटर हाउसिंग पाण्याने गार होणारे मिळाले तर तेच घ्या. गाडी बंद केल्यावर टर्बाइनची उष्णता शाफ्टकडे सरकते आणि उरलेले तेल जळून कोळसा होतो, पाणी असेल तर ते वाचते.

पेट्रोल आणि मोजमाप

इथे जास्त इंजिने मरतात, टर्बोमध्ये नाही. १९८५ च्या मध्यापासून एसव्हीओत ताशी ३५ पाउंडांचे इंजेक्टर आहेत, म्हणजे मिनिटाला सुमारे ३६८ सीसी. टर्बो इंजिनाला हॉर्सपॉवरमागे ताशी ०.५५ पाउंड पेट्रोल लागते. चार इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडे धरले तर ३५ गुणिले ४ गुणिले ०.८५ भागिले ०.५५, उत्तर येते २१६ हॉर्सपॉवर. कारखान्याने २०५ वर का थांबवले ते इथे दिसते. २८० साठी प्रत्येकी किमान ४५ पाउंड लागतात. हातचे ठेवून ५० ते ५५ पाउंडांचे, म्हणजे ५२५ ते ५८० सीसीचे इंजेक्टर घ्या. पंपही बदला. बूस्ट चढतो तसा इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलमधला दाब तेवढाच चढावा लागतो, आणि चाळीस वर्षांचा पंप त्या दाबाला नेमका बूस्टमध्ये मागे पडतो.

दुसरी अडचण हवा मोजणाऱ्या मीटरची. या गाडीत हवेच्या धक्क्याने उघडणारे झडपेचे मीटर आहे. जास्त हवेला झडप पूर्ण उघडून टेकते आणि त्यापुढची हवा कॉम्प्युटरला दिसतच नाही. हवा वाढत राहते, पेट्रोल तेवढेच. मॅनिफोल्डचा दाब वाचणारा स्वतंत्र कॉम्प्युटर बसवणे हा स्वच्छ उपाय आहे, मेगास्क्वर्टसारखे स्वस्त पर्याय यासाठीच लोकप्रिय झाले. झडपेचे मीटर ठेवायचेच असेल तर बायपास व्हॉल्व्हची (थ्रॉटल बंद झाल्यावर अडलेली दाबाची हवा सोडणारी झडप) हवा बाहेर सोडू नका, मीटर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपात परत घाला. ती हवा मोजलेली आहे. बाहेर सोडली की कॉम्प्युटर तिच्या नावाचे पेट्रोल ओततो आणि गिअर बदलताना गाडी आचके देते.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय बूस्ट वाढवू नका. पूर्ण बूस्टमध्ये हवा-पेट्रोल प्रमाण ११.२ ते ११.८ च्या दरम्यान राहिले पाहिजे. १२.५ च्या वर गेले की पाय काढा. स्पार्क प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, दाट हवेत ठिणगी विझते. नॉकिंगचा पहिला बळी या इंजिनात बहुधा हेड गॅस्केट असतो. पिस्टन टिकतात, पण म्हणून नॉकिंग चालवून घ्यायचे नसते.

पहिली सुरुवात

टर्बो बसल्यावर तेलाच्या भोकातून थोडे ऑइल ओता आणि चाक हाताने फिरवा. इग्निशन कॉइलची जोडणी काढून ठेवा, रिटर्न लाइन खालून सोडून तिच्याखाली वाटी धरा आणि स्टार्टर मारा. वाटीत तेल दिसल्याशिवाय लाइन जोडायची नाही. मग इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटे नुसते आयडलवर ठेवा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. सुरुवातीला सायलेन्सरमधून येणारा धूर जोडणीच्या तेलाचा असतो, पंधरा-वीस मिनिटांत जातो. नाही गेला तर पुन्हा रिटर्न लाइन पाहा.

पहिले काही दिवस वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) स्प्रिंगवरच, ०.५ ते ०.६ बारवर चालवा. मग एकदम १.२ नाही, ०.१ च्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला प्लग काढून पाहत. एक गोष्ट मुद्दाम बघा : चौथ्या गिअरमध्ये वरच्या फेऱ्यांना बूस्ट ठरवल्यापेक्षा आपोआप चढतो आहे का. चढत असेल तर वेस्टगेटचे छिद्र वायूला पुरत नाही. कंट्रोलर बदलून हे जात नाही, छिद्र मोठे करावे लागते किंवा बाहेरचे वेस्टगेट लावावे लागते.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला असा बदल करायचा तर त्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो, आणि दोन टर्बोंतून घरी जुळवलेल्या भागाला तो नसतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी गाडी घेण्याआधीच आपल्या राज्याचा नियम पाहावा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी ठामपणे लागू केले. पुण्या-मुंबईत कोणी स्वतःच्या गाडीवर हे गणित लावणार असेल तर ते बंद ट्रॅकपुरते ठेवावे.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात धरा. पितळी चमक दिसली तर ती बेअरिंगची आहे, आणि गाडी तिथेच थांबवायची. काळा मळ असेल तर चालेल. टर्बाइन हाउसिंगचे आणि मॅनिफोल्डचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळा, तापून-निवून ते सैल होतातच. इनटेकचा पाइप काढून शाफ्टचा लांबीचा प्ले पुन्हा डायल गेजवर मोजा आणि जोडणीच्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तो आकडा जोडणीच्या दिवशी लिहिलेला नसेल तर आज लिहा, पुढच्या पाच हजार किलोमीटरला तोच लागणार आहे.